शिवारात इमारती येण्याआधी

चि. बाळास,


परवा फोनवर तू विचारलंस, ‘आजी, ग्रामसभेत मी काय बोलू?’ आणि तेवढ्यात कंपनीची बस आली म्हणून फोन ठेवलास. असली बोलणी घाईत उरकायची नसतात, म्हणून कामं आटोपून वही घेऊन ओट्यावर बसले आहे. रात्रपाळीहून आल्या आल्या हे वाचू नकोस. आधी झोप काढ, दोन घास गरम खा (कँटीनचे नाही, घरचे), आणि मग निवांत वाच.

माळावर इमारती व्हायच्या बोलण्याला आता चांगलाच जोर आलाय. तू म्हणालास, गावात दोन तट पडलेत, म्हातारे नको म्हणतात आणि पोरं हवं म्हणतात. मला काही तसं दिसत नाही बाळा. मी पहाटे उठते हे तुला ठाऊक आहे; लहान असताना माझ्या बांगड्यांच्या आवाजानं तुझी झोप मोडायची आणि गोधडीतूनच तू ‘आजी, अजून अंधार आहे’ म्हणायचास. पहाटे उठण्यात एक लाभ असा, की डेअरीवर दूध घालायला आलेली माणसं दिवस वर यायच्या आत जे बोलतात ते मनातलं बोलतात, आणि तीच माणसं दुपारी पारावर बसली की समोर कोण बसलंय ते बघून बोलतात. म्हणून तुला सांगते, गावाचं मत समजून घ्यायचं असेल तर थोडे दिवस पहाटे डेअरीवर जाऊन नुसता उभा राहा.

तिथं तुला काय ऐकू येईल ते थोडं सांगते. माळाकडच्या ज्यांच्या रानात बाजरी-मटकीपलीकडं काही येत नाही, विहिरीचा तळ फेब्रुवारीतच दिसतो, त्यांना वाटतं की चार पैसे बघायची आयुष्यातली ही एकच वेळ आहे, ती दवडू नये. यात काय चुकलं त्यांचं? ज्या बाईनं नवरा गेल्यावर पतपेढीचं कर्ज काढून खोल्या बांधल्या आणि भाड्यावर पोरांची शिक्षणं केली, तिला रात्रीची झोप नाही. फ्लॅट झाले तर खोल्या ओस पडतील ही तिची धास्ती. बैलगाड्याच्या नादातली पोरं शर्यतीच्या घाटाच्या जागेवरून हवालदिल झालीत. 2023 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींची वाट मोकळी केली तेव्हा तुम्ही उधळलेला भंडारा आठवतोय ना, आता घाटाला लागूनच कुंपण पडणार म्हणतात. सुना मात्र हळू आवाजात वेगळंच बोलतात. त्यांना चोवीस तास नाही तरी रोज येणारा नळ हवाय आणि दार लावून घेता येईल अशी स्वतःची एक खोली हवीय. शहरातल्या फ्लॅटचं त्यांना आकर्षण आहे असं म्हणून बापे माणसं तो विषय टाळतात, हे काही मला पटत नाही.

आणि परवा एका भूमिहीन घरातल्या बाईनं जे विचारलं, ते तर माझ्या मनातून जात नाही. तिला घरकुल मंजूर झालंय, अनुदानही आहे, पण बांधायला जागा नाही, कारण गावठाणात तसूभर जागा उरली नाही आणि बाहेर गुंठ्याचा भाव ऐकूनच माणूस माघारी फिरतो. ती म्हणाली, ‘बाई, माळावर एवढी घरं होणार, त्यात आमचं एक का नाही?’ सगळ्या गावात याहून रास्त प्रश्न मी ऐकला नाही. ग्रामसभेत तू दुसरं काही नाही बोललास तरी चालेल, पण हा प्रश्न तिच्या वतीनं नक्की विचार. तिला उभं राहून बोलायचा संकोच वाटतो.

डेअरीवर ऐकू न येणारा एक आवाज आहे, तोही ऐक. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, निघोजे, कुरुळी, या चाकणच्या पट्ट्यात परभणीची, लातूरची, यवतमाळची, बिहार-ओडिशाची किती पोरं पत्र्याच्या खोल्यांत राहतात ते तू माझ्यापेक्षा जास्त पाहतोस. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच अंथरुणावर पडतो. आपल्या कांद्याच्या बराकीला जेवढी हवा खेळते तेवढी त्या खोल्यांना खेळत नाही, हे आपण सारे जण बघतो आणि महिन्याच्या महिन्याला भाडं घेतो. इमारती कुणासाठी व्हायच्या तर अशांसाठीच व्हायला हव्यात, आणि गावात सगळ्यांना विचारलं जातंय, फक्त त्यांना नाही. म्हणून ‘घरं नकोतच’ असं मी म्हणणार नाही. तूही म्हणू नकोस. मला काळजी आहे ती घाईची.

या घाईचा इतिहास आपल्या भागाला नवा नाही. 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली तेव्हा त्या बाजूला ज्वारीची रानं होती. मग 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, भोसरी-आकुर्डीकडे कारखाने वाढले, आणि कामगारांना घरं हवीत म्हणून 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण निघालं. निगडीचं प्राधिकरण आज बघायला किती छान वाटतं, रुंद रस्ते, झाडं. पण ज्यांची जमीन त्यात गेली त्यांच्या घरांत साडेबारा टक्के जमीन परत मिळण्याची वाट बघण्यात बापाची हयात गेली आणि मुलगाही म्हातारा झाला. तेव्हाच्या माणसांनी सह्या केल्या नाहीत, त्यांच्या जमिनी संपादित झाल्या. तुमच्याकडे आज सही मागायला माणसं येतात. एवढा मोठा फरक पडलाय, तो वाया घालवू नका.

1997 मध्ये वाकड, पुनावळे, रावेत, किवळे, मोशी, चिखली ही गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली. माझ्याबरोबरच्या एक शिक्षिका पुनावळ्याच्या. त्यांच्या अंगणात आम्ही हुरडा खाल्लाय. आता तिथं मान वर करून मजले मोजावे लागतात. घरं झाली, चांगली झाली, हजारो कुटुंबांना निवारा मिळाला. पण 2019 च्या नोव्हेंबरपासून पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी येतं, आणि उन्हाळा आला की मोठमोठ्या सोसायट्यांच्या दारात टँकर उभे राहतात. भिंती भराभर उभ्या राहिल्या आणि पाणी मागं राहिलं. आणि शहराला लागणारं पाणी कुणाच्या तरी रानाकडूनच येतं. पवना धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडला नेणाऱ्या बंद जलवाहिनीवरून 2011 च्या ऑगस्टमध्ये मावळात बऊरला गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले, तेव्हा तू शाळेत होतास. त्या दिवसापासून नळाकडं बघताना मला आधी धरणाखालचं गाव आठवतं.

आता वही काढ आणि माझ्याबरोबर एक हिशेब कर. (तुझं गणित चांगलं आहे, फक्त पायऱ्या गाळायची तुझी खोड जाऊ दे.) समज, माळावर हजार घरं झाली. घरटी चार माणसं धर, म्हणजे चार हजार. शहरी मापानं माणशी रोज 135 लिटर पाणी लागतं. गुणाकार केलास तर 5 लाख 40 हजार लिटर झाले, म्हणजे दहा हजार लिटरचे चोपन्न टँकर, रोज. आपल्यासारख्या गावाला जलजीवन योजनेत माणशी 55 लिटरचं माप आहे. अडीच हजार वस्तीला ते दिवसाला 1 लाख 37 हजार 500 लिटर होतं, आणि तेवढं पुरवतानाही पंप जळला की तीन दिवस बायका हंडे घेऊन फिरतात. म्हणजे गावाच्या जवळजवळ चौपट पाणी माळावर लागणार. ते कुठून येणार, हा पहिला प्रश्न. बिल्डर पाण्याचं हमीपत्र लिहून देतो म्हणतात. मग त्या हमीपत्राची प्रत ग्रामपंचायतीत हवी, आणि त्यात पाण्याचा उगम लिहिलेला हवा. बोअर घेऊन पाणी उपसणार असतील तर आपल्या विहिरी कुठल्या कुठं जातील.

आलेल्या पाण्यातलं ऐंशी टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं धरतात, म्हणजे वरच्या हिशेबानं रोजचे सव्वाचार लाख लिटरांहून जास्त. ते आपल्या ओढ्याला सुटलं की नदीला जाणार. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस तू पाहिलाय. त्या घाटावर आम्ही पाणी ओंजळीत घेऊन तोंडात टाकायचो, आता पायही घालवत नाही. 20 हजार चौरस मीटरच्या वर बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, आणि त्या कागदांत सांडपाण्याचं काय करणार ते लिहावं लागतं. तो कागद मागून घे. मागायला लाजू नकोस, भांडूही नकोस. शांतपणे मागितलेला कागद नाकारणं समोरच्याला जड जातं.

नदीचं निघालंच आहे तर चिखलीचं ऐक. इंद्रायणीच्या काठी, निळ्या पूररेषेच्या आत, लोकांनी भूखंड घेऊन टुमदार बंगले बांधले. पंचवीस वर्षांत एकदा येतो तेवढा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा. तिच्या आत घर बांधायला मुळी मनाई. हरित लवादानं ते बंगले पाडायचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला, आणि 17 मे 2025 रोजी महापालिकेनं छत्तीस बंगले पाडले. त्या बंगल्यांत राहणारी माणसं काही लबाड नव्हती रे. आयुष्यभराची पुंजी घातलेली माणसं होती, नोकरदार, तुझ्यासारखी. भूखंड स्वस्त आहे, आज टोकन द्या, उद्या भाव वाढेल, असं कुणीतरी सांगितलं असेल. पूररेषेचा नकाशा बघायला पाटबंधारे खात्यात एक हेलपाटा घालावा लागला असता. टीव्हीवर ते बघताना दिसलं, एका घराच्या दारावरचं तोरण तसंच होतं, आणि मला रात्री जेवण गेलं नाही.

गुंठ्यांचंही तेच. तुझा मित्र गुंठा घेतोय म्हणालास. एक गुंठा म्हणजे तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट, 1089 चौरस फूट. त्यात घर बसतं, पण रस्ता, गटार आणि शेजाऱ्याची भिंत यांना जागा कुठून आणायची? शिवाय पुष्कळ ठिकाणी एकाच सातबाऱ्यावर दहा-बारा जणांची नावं सामाईक चढलेली असतात आणि कोणता तुकडा कुणाचा ते फक्त चुन्याच्या रेघेवर ठरलेलं असतं. पाऊस पडला की रेघ गेली. त्याला म्हणावं, सातबारा घे, ‘इतर हक्क’ हा रकाना शेवटपर्यंत वाच, फेरफार बघ, आणि फ्लॅट घ्यायचा असला तर प्रकल्पाचा महारेरा क्रमांक घालून माहिती तपास. महिना जाईल, जाऊ दे. बावीस-तेविशीत महिना मोठा वाटतो.

आपल्या घरापुरतं आता सांगते. माळावरच्या तुकड्यासाठी तुझ्या वडिलांकडे विकसन करारनाम्याचा मसुदा आला आहे, सोबत कुलमुखत्यारपत्रही. शाळेत मी पोरांना धडा मोठ्यानं वाचायला लावायची, मनातल्या मनात वाचलेलं अर्धं डोळ्यांआड जातं म्हणून. तो करारही तसाच, सगळ्यांना माजघरात बसवून, तू मोठ्यानं वाच. जिथं अडखळशील तिथं पेन्सिलनं खूण कर आणि त्या खुणा घेऊन राजगुरुनगरला आपल्या ओळखीच्या वकिलाकडे जा, बिल्डरनं सुचवलेल्या नको. आणि तुझ्या आत्यांना आधी बोलाव. 2005 पासून वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा हक्क लेकाइतकाच आहे. हक्कसोडपत्रावर भाऊबिजेच्या ताटात सह्या घेतलेल्या मी गावात पाहिल्यात. तसलं आपल्या घरी व्हायचं नाही. त्या सोडतील किंवा न सोडतील, पण विचारपूस करून, चहापाणी करून, त्यांना विचाराला वेळ देऊन.

पैसे आले तर त्यातला मोठा भाग पहिली दोन वर्षं हलवू नका. आपल्या भागात जमिनीचा पैसा कसा आला आणि कसा गेला हे तुला माझ्याकडून ऐकायला नको. पण हडपसरला सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी चारशे एकरांहून जास्त जमीन एकत्र ठेवली, स्वतःची कंपनी काढली आणि मगरपट्टा उभं केलं, हेही आपल्याच जिल्ह्यात घडलं. त्यांनी एका रात्रीत नाही केलं ते, बैठकांवर बैठका झाल्या. आपलं गाव तेवढं मोठं काही करेल असं नाही म्हणत मी. पण माळावरची पंधरा-वीस खातेदार मंडळी एकत्र बसून बोलली तर निदान एकेकट्याला वेगळा भाव सांगून फसवणं तरी थांबेल.

तुला वाटतं, ग्रामसभेनं काय होणार, परवानगी तर पीएमआरडीए, म्हणजे पुण्याचं महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, देतं. खरं आहे, बांधकामाची परवानगी तिथूनच मिळते. तरी हे ध्यानात घे: पीएमआरडीएनं 2021 मध्ये आठशेहून अधिक गावांचा प्रारूप विकास आराखडा काढला, कुठं घरं, कुठं रस्ते, कुठं हिरवा पट्टा, त्यावर लोकांनी 60 हजारांहून जास्त हरकती आणि सूचना दिल्या, सुनावण्यांना हेलपाटे घातले, आणि 2025 मध्ये सरकारनं तो आराखडा रद्द केला. साध्या कागदावर लिहिलेल्या अर्जांचं वजन त्यामागं होतं, असं मी मानते. पण मला त्याचा पुरता आनंद झाला नाही, कारण त्यातली शाळा-दवाखान्यांची आरक्षणंही गेली आणि नवा आराखडा होईपर्यंत कारभार 1997 सालच्या प्रादेशिक योजनेवर. तेव्हा चाकणला ना फोक्सवॅगन होती ना महिंद्रा. आज तळेगाव चौकात तुझी बस तासभर अडकते ती त्या नकाशात कशी दिसेल? म्हणून गावानंच आपला कागद तयार ठेवायला हवा: पाणी कुठून, सांडपाणी कुठं, रस्ता किती रुंद, शाळेच्या खोल्या किती, घाटाची जागा कायम का, आणि बेघरांना किती घरं. हे ठरावात लिहून घ्या. तोंडी आश्वासन नको, टाळ्या नकोत.

ग्रामसभेचा नियम आहे, की गावच्या मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं हजर हवीत. ती नाही जमली तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग पाच-दहा जणांत सगळं मंजूर होऊन जातं. बहुतेक गावांचं नुकसान विरोधकांनी केलेलं नाही, घरी बसलेल्यांनी केलंय. म्हणून पोरांना घेऊन ये, आणि त्यांच्या आयांनाही. आधी महिलांची सभा होते, तिला मी सुनांना घेऊन जाणारच आहे. सभेत म्हाताऱ्यांना आधी बोलू दे. कुणी चुकीचं बोललं तरी मध्ये तोडू नकोस. तुझा स्वभाव गोड आहे, फक्त बोलताना घाई होते आणि मग शब्दाला शब्द लागतो. विषय एका बैठकीत संपला नाही तर पुढच्या सभेत घ्या. माळ कुठं पळून जात नाही.

आणि एक काम. आपल्या गावात खोली घेऊन राहणारी ती परभणीची दोन पोरं, जी दिवाळीला आपल्याकडे जेवून गेली, त्यांना विचार की गावच्या मतदार यादीत नाव आहे का. चार वर्षं इथं राहतात, घरपट्टी आपण घेतो, पाणी आपण देतो, मग बोलायला त्यांनी कुठं जायचं? नाव नसेल तर नमुना 6 चा (परभणीच्या यादीत आधीच असेल तर नमुना 8 चा) अर्ज भरून घे, रहिवासाच्या पुराव्यासाठी भाडेकरार लागला तर घरमालकिणीशी मी बोलते. ग्रामसभेच्या आधी यादीत नाव येणार नाही कदाचित, तरी त्यांना सभेला आण आणि मागं बसव. घरं कशी हवीत, हे त्यांच्याकडूनही गावाला ऐकू दे.

सुट्टीच्या दिवशी ये. करार मोठ्यानं वाचायचा आहे.

तुझी,
आजी